कुठले ग्रँट?

प्रश्न असा आला आहे: "मुंबईत ग्रँट रोड आहे, ग्रँट मेडिकल कॉलेज आहे, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा साताऱ्याचा ग्रँट डफ आहे. हे सगळे एकाच घराण्यातले का? ग्रँट हा स्कॉटलंडचा एक 'क्लॅन' आहे असं वाचलं. म्हणजे आपल्या शहाण्णव कुळींसारखं कुळ समजायचं का? आणि अमेरिकेचा अध्यक्ष ग्रँट, सिनेमातला कॅरी ग्रँट हेही त्यातलेच?"

गेली बावीस वर्षं मी कंपनी सरकारच्या काळातल्या माणसांच्या वंशावळी जुळवण्याचं काम करतो. चर्चच्या नोंदवह्या, थडग्यांवरचे लेख, मृत्युपत्रं, जुने दफ्तरी कागद. या कामात सगळ्यात जास्त घोळ घालणारी आडनावं स्कॉटिश, आणि त्यातही ग्रँट. थोडक्यात उत्तर हवं असेल तर: रोड आणि कॉलेज एकाच माणसाचे, ग्रँट डफ वेगळा, अध्यक्षांचं स्कॉटलंडशी नातं कागदावर सिद्ध नाही, आणि कॅरी ग्रँट तर ग्रँटच नव्हता. पण खरी गंमत "का" या प्रश्नात आहे.

आधी क्लॅन म्हणजे काय ते पाहू. गेलिक भाषेत 'क्लान' म्हणजे मुलंबाळं, लेकरं. शब्दावरून वाटतं की एका मूळपुरुषाची ती संतती. क्लॅनचे लोकही तसंच सांगत आले. ग्रँटांची एक परंपरा त्यांना नवव्या शतकातला राजा केनेथ मॅकअल्पिन याच्या घराण्याशी जोडते, दुसरी नॉर्वेकडून आलेल्या दर्यावर्दींशी. आपल्याकडे प्रत्येक घराण्याला सूर्यवंश किंवा चंद्रवंश लागतो, तसंच हे. कागदांत मात्र हे नाव तेराव्या शतकात 'ल ग्रांत' असं येतं. नॉर्मन फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ थोराड, उंच. १२६३ मध्ये लॉरेन्स ल ग्रांत हा इन्व्हर्नेसचा शेरीफ होता. म्हणजे डोंगरी स्कॉटलंडच्या या नामांकित क्लॅनचं आडनाव मुळात "उंचाडे" अशा अर्थाचं परभाषेतलं टोपणनाव आहे. आपल्याकडे काळे, गोरे, बोबडे पडली त्याच जातीचं.

नेस सरोवराच्या बाजूला आधी पाय रोवलेलं हे घराणं लग्नसंबंध आणि सनदा यांच्या जोरावर स्पे नदीच्या खोऱ्यात पसरलं. त्या खोऱ्याला स्ट्रॅथस्पे म्हणतात. प्रमुखाचं ठाणं फ्रूखी इथं होतं, म्हणून तो 'फ्रूखीचा ग्रँट'. १६९४ मध्ये राजाने त्याच्या मुलखाला 'ग्रँट' या नावाची मोठी सनद दिली, त्यात न्यायनिवाड्याचे अधिकारही आले. मग किल्ला झाला 'कासल ग्रँट' आणि प्रमुख झाला 'ग्रँटचा ग्रँट'. आडनावावरून गावाला नाव आणि गावावरून पुन्हा माणसाला. आपल्या 'कर' लावणाऱ्या आडनावांना सवयीची असलेली वाट इथं दोन्ही दिशांनी चालली.

आता शहाण्णव कुळींचा प्रश्न. मला ती तुलना पटत नाही. कुळाला आपल्याकडे देवक असतं आणि लग्न कुठं करायचं, कुठं नाही, याचे नियम असतात. क्लॅनमध्ये यातलं काही नाही. ग्रँट मुलगी ग्रँट मुलाशी खुशाल लग्न करी, आणि करतच असे. तुलना करायचीच तर वतनदार देशमुख आणि त्याच्या मागे उभा राहणारा जमाव डोळ्यांसमोर आणा. प्रमुख जमीन देतो, संरक्षण देतो, तंटे सोडवतो. लोक सारा देतात आणि बोलावणं आलं की हत्यार घेऊन येतात. त्यातले थोडे रक्ताचे, बरेचसे आश्रयाचे. डोंगरी भागातल्या साध्या शेतकऱ्याला अठराव्या शतकापर्यंत कायमचं आडनाव नसायचंच. तो अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू. पाद्र्याने किंवा कारकुनाने आडनाव विचारलं की तो ज्याच्या जमिनीवर राहतो त्याचं सांगे. शेजारच्या फ्रेझर क्लॅनबद्दल तर एक टोमणाच आहे: पीठ घेऊन झालेले फ्रेझर. पोतंभर पिठासाठी आडनाव बदललेले, असा त्याचा अर्थ.

उलटंही घडायचं. १६०३ मध्ये राजाने मॅकग्रेगर हे आडनावच बेकायदा ठरवलं. ते नाव लावणं हाच गुन्हा. मग मॅकग्रेगरांनी मिळेल तो आसरा घेतला, मिळेल ते आडनाव लावलं, त्यात ग्रँटही होतं. त्यांना थारा दिला म्हणून ग्रँट प्रमुखाला दंड भरावा लागला. बंदी कायमची उठली १७७४ मध्ये, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनी. तोवर किती पिढ्या ग्रँट म्हणून जन्मल्या आणि ग्रँट म्हणूनच पुरल्या गेल्या! म्हणून कोणी मला "आम्ही ग्रँट, म्हणजे आम्ही एका रक्ताचे" असं सांगितलं की मी मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. तो प्रश्न आपल्या आजीच्या तोंडी असायचा तोच. तुम्ही मूळचे कुठले?

स्कॉटलंडमध्ये ग्रँट कधी नुसता ग्रँट नसतो. तो रॉथिमर्कसचा असतो, ग्लेनमॉरिस्टनचा, ड्लवीचा, शूग्लीचा. एका नावाखाली किती वेगळी माणसं उभी होती हे १७४५-४६ च्या बंडात दिसलं. पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स गादी मागायला उतरला तेव्हा स्ट्रॅथस्पेचा ग्रँट प्रमुख लंडनच्या सरकारच्या बाजूने राहिला. त्याच क्लॅनचे ग्लेनमॉरिस्टनचे ग्रँट राजपुत्राकडे गेले. कलोडनच्या माळावर १६ एप्रिल १७४६ ला राजपुत्राचा पराभव झाला. नंतर ग्लेनमॉरिस्टन आणि ग्लेन अर्कर्ट इथल्या ऐंशीहून अधिक माणसांना स्ट्रॅथस्पेच्या ग्रँट प्रमुखाच्या घराण्याच्या शब्दावर इन्व्हर्नेसला हत्यारं ठेवायला आणलं गेलं. त्यांना माफी मिळेल अशी समजूत होती. सरकारने त्यांना जहाजात घालून बार्बाडोसला पाठवलं. ग्लेनमॉरिस्टनमध्ये या गोष्टीचा राग पुष्कळ दिवस टिकला, आणि तो नातेवाइकांवरचा राग होता. त्याच उन्हाळ्यात त्या खोऱ्यातल्या मूठभर फरारी लोकांनी राजपुत्राला गुहेत लपवून ठेवलं. त्याच्या डोक्यावर तीस हजार पौंडांचं इनाम होतं. कोणी तोंड उघडलं नाही.

आणखी एक ग्रँट सांगायलाच हवा. ब्रेमारजवळ ड्युब्राक इथला पीटर ग्रँट कलोडनला राजपुत्राच्या बाजूने लढलेला. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा हा म्हातारा शंभरी उलटून जिवंत होता. राजाने त्याला निवृत्तिवेतन दिलं. १८२४ मध्ये तो वारला. वय सांगतात एकशेदहा. वयाची मी हमी घेत नाही, त्या काळी वयं गावाच्या आठवणीवर चालत.

आता मुंबईकडे येऊ, कारण कलोडनची लढाई थेट ग्रँट रोडपर्यंत येते.

त्या लढाईत राजपुत्राकडून लढलेला एक अलेक्झांडर ग्रँट होता, शूग्ली शाखेचा. तलवारीच्या हातामुळे लोक त्याला 'तलवारबाज' म्हणत. तो लढत असतानाच, त्याच दिवशी, नेस सरोवराच्या काठी आल्डुरी इथं त्याला मुलगा झाला. राजपुत्रावरून नाव ठेवलं चार्ल्स. बंडखोराचा हा मुलगा पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आला, गडगंज झाला आणि विलायतेत परतून कंपनीचा अध्यक्षही झाला, एकदा नव्हे तर तीनदा. १८१३ च्या सनदी कायद्यात मिशनऱ्यांना हिंदुस्थानची दारं उघडली गेली, त्यामागे या चार्ल्स ग्रँटचा मोठा जोर होता. त्याच्या एका मुलाला लॉर्ड ग्लेनेल्ग हा किताब मिळाला आणि तो वसाहत मंत्री झाला. दुसरा रॉबर्ट. १८३५ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. त्याआधी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ज्यूंना समान नागरी हक्क मिळावेत म्हणून तो भांडला होता, आणि त्याने लिहिलेली भजनं चर्चमध्ये आजही म्हणतात. ९ जुलै १८३८ ला पुण्याजवळ दापोडीच्या गव्हर्नर बंगल्यात तो वारला. पुण्याच्या सेंट मेरीज चर्चमध्ये त्याला पुरलं.

ग्रँट रोड त्याच्या नावाचा. कागदोपत्री त्या रस्त्याचं नाव आता मौलाना शौकत अली मार्ग आहे, पण लोकल ग्रँट रोडलाच थांबते. ग्रँट मेडिकल कॉलेजही त्याचंच. शहरात पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारं कॉलेज असावं हा विचार त्याच्या कारकिर्दीतला. तो गेल्यावर त्याच्या स्मारकासाठी वर्गणी जमली आणि १८४५ मध्ये कॉलेज सुरू झालं. १८५१ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते.

रॉबर्टच्या आधी मुंबईत आणखी एक ग्रँट येऊन गेला, आणि माझ्या मते या सगळ्यांत तो सर्वांत रंगतदार. सर जॉन पीटर ग्रँट, रॉथिमर्कसचा. मोठी जमीन, त्याहून मोठी कर्जं. त्यातून सुटका म्हणून मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश. १८२८ मध्ये मोरो रघुनाथ नावाच्या पुण्याच्या मुलाला कोर्टापुढे हजर करा असा हेबिअस कॉर्पसचा हुकूम या कोर्टाने काढला. मुलगा पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या नातलगाच्या ताब्यात होता. गव्हर्नर होता सर जॉन माल्कम, तोही स्कॉटिश. पेशवाई बुडून दहाच वर्षं झालेली. दख्खनच्या सरदारांची मनं राखणं हे त्याचं धोरण. मुंबई शहराबाहेरच्या एतद्देशीयांवर या कोर्टाचा हुकूम चालत नाही असं म्हणून त्याने हुकूम बजावू दिला नाही. कोर्टात तीन न्यायाधीश असत. मुख्य न्यायाधीश वेस्ट ऑगस्टमध्ये वारला, दुसरा चेंबर्स ऑक्टोबरमध्ये. उरला एकटा ग्रँट. तो हटला नाही. सरकार माझा हुकूम बजावू देत नाही ना, मग कोर्टाला अर्थ काय, असं म्हणून १ एप्रिल १८२९ ला त्याने सुप्रीम कोर्टालाच टाळं लावलं.

प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायमंडळापुढे गेलं आणि निकाल ग्रँटच्या विरुद्ध लागला. हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याने, लॉर्ड एलेनबरोने, माल्कमला खासगी पत्र लिहिलं: दोन नवे न्यायाधीश पाठवतो, त्यांच्यामध्ये ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये चालवलेला रानहत्ती होईल. पत्र फुटलं आणि छापलं गेलं. काय हसले असतील लोक! हत्तीची उपमा मात्र त्या मंत्र्याला चांगली सुचली. ग्रँट पुढे कलकत्त्याला न्यायाधीश झाला आणि १८४८ मध्ये वारला.

त्याची मुलगी एलिझाबेथ त्याच्याबरोबर मुंबईत होती. १८२९ मध्ये तिचं लग्न इथंच कर्नल हेन्री स्मिथशी झालं. पुढे तिने मुलाबाळांसाठी आठवणी लिहिल्या. तिच्या मृत्यूनंतर त्या 'मेम्वार्स ऑफ अ हायलँड लेडी' या नावाने छापल्या गेल्या. रॉथिमर्कसच्या जंगलातले ओंडके नदीतून कसे सोडत, ज्याची ऐपत नाही त्या जमीनदाराच्या घरात काय चालतं, हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने क्लॅनवरच्या रंगीत पुस्तकांआधी हे वाचावं. या घराण्यात पुढचा जॉन पीटर ग्रँट म्हणजे तिचा भाऊ, निळीच्या दंग्यांच्या वेळी बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर आणि नंतर जमैकाचा गव्हर्नर. त्याचा नातू चित्रकार डंकन ग्रँट, जन्म १८८५, रॉथिमर्कसचाच. बाप-लेक दोघेही सर, दोघेही जॉन पीटर, दोघेही कलकत्त्याला. माझ्या पहिल्या वर्षी मी एका कुटुंबाच्या तक्त्यात बापाचा मृत्यू मुलाच्या नावावर टाकला होता. तक्ता पाहणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, "मेल्यावर यांनी अठरा वर्षांनी जमैकाचा कारभार कसा हो घेतला?" तेव्हापासून मी नावाशेजारी गाव लिहिल्याशिवाय रकाना भरत नाही.

नावं अशी पुन्हा पुन्हा येण्यालाही कारण आहे. स्कॉटलंडमध्ये थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, असा रिवाज होता. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगायला नको.

आता ग्रँट डफ. १७८९ मध्ये बॅन्फ इथं जन्मला तेव्हा तो नुसता जेम्स ग्रँट होता. १८१८ मध्ये साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांकडे कंपनीचा अधिकारी म्हणून आला तेव्हाही कॅप्टन ग्रँटच. चार वर्षं राहिला, रुमाल म्हणजे कापडात बांधलेले दफ्तराचे गठ्ठे तपासले, बखरी जमवल्या, तब्येत बिघडल्यावर परत गेला. पुढे आईकडून ईडन नावाची जमीन घराण्यात आली. आई डफांची. जमिनीबरोबर आडनाव घ्यायची तिकडे पद्धत, म्हणून तो ग्रँट डफ झाला. १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत निघाला तो या नव्या नावाने. दत्तक गेल्यावर आपल्याकडे आडनाव बदलतं, तसं इथं शेतासाठी बदललं. साताऱ्याचे तेव्हाचे कागद चाळणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, 'डफ' शोधू नका, सापडणार नाही. 'ग्रँट' शोधा. त्याच्या इतिहासावर पुढे निळकंठ जनार्दन कीर्तने यांनी जी टीका लिहिली तिथून मराठ्यांच्या इतिहासाची मराठी माणसाने केलेली चिकित्सा सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. ग्रँट डफने मुलाचं नाव ठेवलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आपल्या वरिष्ठ साहेबावरून. तो मुलगा मद्रासचा गव्हर्नर झाला.

मुंबईचा चौथा ग्रँट विसरला जातो. सर अलेक्झांडर ग्रँट, ड्लवीचे दहावे बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा 'सर' किताब), ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे भाष्यकार. १८६० मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात आले, प्राचार्य झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. महादेव गोविंद रानडे त्यांचे लाडके विद्यार्थी. एका निबंधात रानड्यांनी इंग्रजी अमलापेक्षा मराठी राज्य बरं म्हटलं आणि ग्रँटसाहेबांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, ही गोष्ट रानड्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. १८६८ मध्ये ते एडिनबरा विद्यापीठाचे प्रमुख होऊन परत गेले. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांत इकडे येऊन गेलेले हे चार ग्रँट चार वेगळ्या ठिकाणचे.

राहिले अध्यक्ष. युलिसिस ग्रँटचा पूर्वज मॅथ्यू ग्रँट १६३० मध्ये इंग्लंडहून जहाजाने मॅसॅच्युसेट्सला पोचला. त्यापलीकडे स्ट्रॅथस्पेपर्यंत दोरा जात नाही. ग्रँट म्हणजे उंच. असा माणूस इंग्लंडातही कुठंही असू शकतो. हे अध्यक्ष मात्र निवृत्तीनंतरच्या जगप्रवासात फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईला उतरले होते, मलबार पॉइंटला गव्हर्नरचे पाहुणे म्हणून. आणि कॅरी ग्रँट? ब्रिस्टलचा आर्चिबाल्ड लीच. हॉलिवूडच्या स्टुडिओने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला हे नाव दिलं. पिठासाठी फ्रेझर होणाऱ्यांच्या परंपरेतच तो बसतो. नाईल नदीच्या उगमाच्या शोधात स्पीकबरोबर गेलेला जेम्स ऑगस्टस ग्रँट मात्र खरा हायलँडचा, नेर्नचा. आफ्रिकेतल्या एका हरणाला त्याचं नाव आहे.

टार्टन म्हणजे चौकडीच्या स्कॉटिश कापडाबद्दलही प्रश्न येतातच. दुकानात 'ग्रँट टार्टन' म्हणून लाल चौकडी विकतात. १७०४ मध्ये प्रमुखाने आपल्या माणसांना लाल-हिरव्या चौकडीचे कपडे घालायला सांगितल्याची नोंद आहे, पण त्यानंतरच्या काही वर्षांत कासल ग्रँटसाठी काढलेल्या माणसांच्या तसबिरी पाहा, एकाचा कपडा दुसऱ्याशी जुळत नाही. प्रत्येक आडनावाला ठरलेली चौकडी हा प्रकार बहुतांशी १८२२ नंतरचा, त्याच चौथ्या जॉर्जच्या एडिनबरा भेटीनंतरचा. व्हिस्कीचं तेच. ग्लेन ग्रँट, ग्लेनफिडिक आणि ग्लेनफार्क्लास तिन्ही भट्ट्या ग्रँटांनी नावारूपाला आणल्या, तिन्ही स्पेच्या खोऱ्यात, आणि तिन्ही कुटुंबं वेगळी.

तुम्हाला स्वतः कुणाचा शोध घ्यायचा असेल तर एवढं करा. मृत्यू १ जानेवारी १८५५ नंतर स्कॉटलंडात झाला असेल तर सरकारी नोंद मिळते, त्यात आईचं माहेरचं आडनावही असतं. तिकडच्या थडग्यांवरही बायकोचं माहेरचंच आडनाव कोरतात, त्यामुळे माणूस पक्का करायला बायको फार उपयोगी. त्याआधीची माणसं चर्चच्या वह्यांत शोधावी लागतात आणि तिथं शेताचं किंवा वाडीचं नाव सोडू नका, भले ते वाचता न येवो. जसंच्या तसं उतरवून घ्या. क्लॅनचं चिन्ह, ढाल, ब्रीदवाक्य यांच्या मागे लागू नका. ढालीवरचं मानचिन्ह एका माणसाचं असतं, आडनावाचं नसतं, आणि ते कुणाचं हे तिकडे 'लॉर्ड लायन' नावाचा सरकारी अधिकारी ठरवतो. ग्रँटांचं ब्रीद आहे 'ठाम उभे राहा, क्रेगेलाखी'. क्रेगेलाखी ही एव्हीमोरजवळची टेकडी. संकट आलं की तिच्यावर जाळ पेटवत.